पॉइंटरमध्ये सापडलेली हळद

सांगलीच्या मार्केट यार्डातील काही अडत दुकानांचे रोजचे हिशेब एकत्र करणारी प्रणाली आमच्या विश्रामबागेतील कार्यालयातून चालते. हळदीचे किंवा बेदाण्याचे सौदे आटोपले की दुकानातील दिवाणजी त्या दिवसाच्या नोंदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडणाऱ्या) फाइलच्या रूपात काढतात, आमचा सर्व्हर त्या फायली वाचतो, त्यांतील व्हाउचर (एकेका व्यवहाराची नोंद) वेगळी करतो आणि सर्व दुकानांची मिळून एकच फाइल तयार करतो. वाचण्याचे आणि जोडण्याचे हे काम सी++ मध्ये लिहिलेल्या एका लायब्ररीकडे, म्हणजे तयार कोडच्या संचाकडे, आहे. ती दुसऱ्या एका संस्थेने काही वर्षांपूर्वी लिहिली आणि पुढे देखभालीसाठी आमच्याकडे आली. येताना तिच्यासोबत एक तक्रारही आली : ती मधूनच कोसळते, का कोसळते ते कळत नाही, आणि पुन्हा सुरू केली की काही झालेच नाही अशा रीतीने काम करू लागते.

या दुखण्यावर एक तात्पुरता उपाय आधीच करून ठेवलेला होता. सेवा कोसळली की ती आपोआप पुन्हा सुरू व्हावी अशी सोय लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमध्ये होती, त्यामुळे दुकानदारांना थोडासा उशीर सोडला तर काही जाणवत नसे. मला ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून धोक्याची वाटत होती. मेमरी बिघडलेला प्रोग्राम कोसळतो तेव्हा तो निदान थांबतो. परंतु त्याच बिघाडासह तो कोसळला नाही, तर तो चुकीची फाइल तयार करून बिनबोभाट पुढे पाठवतो. त्या फाइलीतील लॉट क्रमांक, पोत्यांची संख्या, हमाली आणि तोलाई यांवर कोणातरी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, अवलंबून असते. म्हणून हा दोष मुळापासून शोधणे आवश्यक होते.

या लायब्ररीच्या पोटात लिबएक्सएमएल२ ही प्रसिद्ध लायब्ररी आहे. डॅनियल वेयार यांनी नोम या डेस्कटॉप प्रकल्पाच्या गरजेतून सी भाषेत लिहिलेली ही लायब्ररी असंख्य प्रोग्राम वर्षानुवर्षे वापरत आले आहेत, आणि तिचा हा इतिहास लक्षात घेता संशय प्रथम तिच्यावर नव्हे, तर तिला वापरणाऱ्या आमच्या वेष्टनावर, म्हणजे तिच्याभोवतीच्या सी++ कोडवर, घ्यावा हे उघड होते. लिबएक्सएमएल२ फाइल वाचून मेमरीत एक झाड उभे करते. प्रत्येक टॅगसाठी एक नोड, नोडच्या आत त्याचे गुणधर्म, मजकूर आणि उपनोड, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक दस्तऐवज. दस्तऐवज मोकळा केला, म्हणजे त्याची मेमरी परत दिली, की संपूर्ण झाड मोकळे होते. कोणती मेमरी कोणाच्या मालकीची आहे हे सी भाषा स्वतः कोठेही नोंदवत नाही. ते दस्तऐवजीकरण वाचून आणि शिस्त पाळून सांभाळावे लागते. आमचा सगळा प्रश्न याच मालकीचा निघाला, पण तेथपर्यंत पोहोचायला वेळ लागला.

सुरुवातीचे संशय सगळे वाया गेले, तरी ते घेणे योग्यच होते. सर्व्हरची रॅम खराब असावी असे बऱ्याच जणांचे मत होते, म्हणून रात्रभर मेमटेस्ट चालवून पाहिली. रॅम निर्दोष होती. काही फायलींत एक्सएमएल १.० च्या नियमांत न बसणारी नियंत्रक चिन्हे येत. या मानकाच्या १९९८ च्या मूळ आवृत्तीपासून बत्तीसच्या खालच्या क्रमांकांच्या चिन्हांपैकी फक्त टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हे चालतात, बाकीची चालत नाहीत. अशा चिन्हांवर पार्सर (फाइल वाचणारा भाग) तक्रार करतो आणि ती तक्रार हाताळणारा कोड नीट नसेल तर गोंधळ होऊ शकतो. तो कोड तपासला, तो ठीक होता. नंतर थ्रेडची, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची, पाळी आली. पार्सर आवरून ठेवण्याचे जे फंक्शन लिबएक्सएमएल२ मध्ये आहे, ते दुसरा एखादा थ्रेड लायब्ररी वापरत असताना बोलावल्यास प्रोग्राम कोसळू शकतो असा स्पष्ट इशारा तिच्या दस्तऐवजीकरणात दिलेला आहे. आमच्या कोडमध्ये ते फंक्शन फक्त अगदी शेवटी, सगळे थ्रेड संपल्यावर बोलावले जात होते. आमच्या आधीच्या कोणीतरी थ्रेडच्याच संशयावरून संपूर्ण जोडणीभोवती एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप, घातलेला होता. त्याने कोसळण्याचे प्रमाण कमी झाल्याची नोंदही होती, परंतु ते थांबले नव्हते. अशा उपायाची हीच अडचण असते : कुलूप घातल्याने कामांचा क्रम बदलतो, क्रम बदलल्याने मेमरीची वाटणी बदलते, आणि दोष तेथेच असताना तो दुरुस्त झाल्यासारखा वाटतो.

खरा धागा सापडला तो मार्केट यार्डातून. मार्चअखेरच्या गर्दीत एका दुकानातील दिवाणजींचा फोन आला. आमच्याकडून परत गेलेली एकत्रित फाइल त्यांनी नोटपॅडमध्ये उघडून पाहिली होती.

"साहेब, बाकी सगळं बरोबर आहे, पण लॉट नंबरच्या आधी नुसती दोन टिंबं दिसायला लागल्यात. ते यूडीएफ गेलं कुठं?"

टॅलीमध्ये दुकानाने स्वतःच्या सोयीसाठी जी जादा रकाने तयार करून घेतलेली असतात, ती एक्सएमएलमध्ये 'यूडीएफ' या उपसर्गासह येतात. म्हणजे टॅगच्या नावाआधी यूडीएफ, मग कोलन, आणि मग रकान्याचे नाव. दिवाणजींच्या फाइलीत कोलन होता, नाव होते, आणि उपसर्ग मात्र नाहीसा झालेला होता. आम्ही सर्व्हरवर साठवलेल्या जुन्या एकत्रित फायली चाळल्या तेव्हा असेच आणखी काही टॅग आढळले, पण त्यांत उपसर्गाची जागा रिकामी नव्हती. तेथे यूडीएफऐवजी कोणत्याही लिपीत न बसणारे बाइट होते.

त्या फायली हेक्स स्वरूपात (प्रत्येक बाइट सोळाच्या पायाच्या दोन अंकांत) उघडल्या आणि चित्र पालटले. प्रत्येक ठिकाणी कोलनच्या आधी सहा बाइट होते आणि सहावा बाइट नेहमी ७एफ होता. पहिल्या बाइटचा शेवटचा अंक नेहमी शून्य होता. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांना ही खूण अनोळखी नाही. ते मजकुराचे बाइट नव्हतेच. तो मेमरीतील एक पत्ता होता. थ्रेडसाठी वाटून दिलेल्या मेमरीचे पत्ते सहसा ७एफपासून सुरू होतात, इंटेलच्या प्रोसेसरवर ते उलट क्रमाने साठवले जात असल्यामुळे ७एफ शेवटी दिसतो, वरचे दोन बाइट शून्य असल्यामुळे मजकूर सहा बाइटांवर संपतो (सी भाषेत शून्य बाइट म्हणजे मजकुराचा शेवट), आणि मेमरी वाटणाऱ्या मॅलॉक या फंक्शनने दिलेला प्रत्येक पत्ता सोळाच्या पटीत असल्यामुळे पहिल्या बाइटचा शेवटचा अंक शून्य येतो. जेव्हा तो पहिला बाइट पूर्णच शून्य असतो, तेव्हा मजकूर तेथेच संपतो आणि उपसर्ग रिकामा दिसतो. दिवाणजींनी पाहिले ते हेच होते.

मोकळ्या केलेल्या मेमरीच्या पहिल्या आठ बाइटांत दुसऱ्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता लिहून ठेवणे ही जीलिबसीची, म्हणजे लिनक्सवरील सी भाषेच्या मूळ लायब्ररीची, पद्धत आहे. सर्व्हरवर उबंटू २०.०४ होते आणि त्यातील जीलिबसी २.३१ होती. तिच्यात प्रत्येक थ्रेडसाठी टीकॅश नावाचा एक छोटा साठा असतो. फ्री केलेला लहान तुकडा प्रथम त्यात जातो, आणि तसे करताना तुकड्याच्या पहिल्या आठ बाइटांत पुढच्या तुकड्याचा पत्ता व त्यापुढच्या आठ बाइटांत एक खूण लिहिली जाते. सोळाव्या बाइटापासून पुढे मात्र जुना मजकूर जसाच्या तसा राहतो. म्हणजे आमचा प्रोग्राम 'यूडीएफ' ही अक्षरे मोकळी झाल्यानंतर वाचत होता, हे या सहा बाइटांनीच सिद्ध केले.

ही अक्षरे कोणी मोकळी केली आणि ती कोण वाचत होते, हे कळण्यासाठी कोअर डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, हवा होता. सेवेच्या मांडणीत कोअर फाइलची मर्यादा शून्य ठेवलेली होती. ती काढली, लायब्ररींची डीबग चिन्हे बसवली, आणि पुढच्या गर्दीची वाट पाहिली. फाइल मिळाल्यावर जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, घेतला. सगळ्यात वर मजकुराची लांबी मोजणारे स्ट्रलेन, त्याखाली लिबएक्सएमएल२ चे मजकूर लिहिणारे फंक्शन, त्याखाली झाड फाइलीत उतरवणारे फंक्शन. ज्या नोडवर काम चालू होते त्याचे नाव छापून पाहिले, ते लॉट क्रमांकाच्या रकान्याचे होते आणि अक्षर न अक्षर शाबूत होते. त्या नोडचा नेमस्पेसचा, म्हणजे उपसर्ग व त्याचे पूर्ण नाव सांगणाऱ्या नोंदीचा, पॉइंटर (पत्ता) मात्र ज्या जागेकडे बोट दाखवत होता, तेथे नेमस्पेस नव्हते.

लिबएक्सएमएल२ मध्ये नेमस्पेसची नोंद चौसष्ट बिटांच्या यंत्रावर ४८ बाइटांची असते. पहिल्या आठ बाइटांत पुढच्या नोंदीचा पत्ता, नंतर प्रकार, सोळाव्या बाइटापासून नेमस्पेसच्या पूर्ण नावाचा पत्ता, चोविसाव्या बाइटापासून उपसर्गाचा पत्ता, आणि उरलेल्या जागेत आणखी दोन पॉइंटर. मी त्या जागेचे ४८ बाइट छापले. उपसर्गाचा पत्ता म्हणून जे आठ बाइट वाचले जात होते ते असे होते : २०, ई०, ए४, बी९, ई०, ए४, बी३, ई०. देवनागरीतील अक्षरे यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात आणि ती ई० ए४ किंवा ई० ए५ यांनी सुरू होतात. ई० ए४ बी९ म्हणजे 'ह'. ई० ए४ बी३ म्हणजे 'ळ'. शेवटचा ई० हा 'द'चा पहिला बाइट. सुरुवातीचा २० म्हणजे मोकळी जागा. त्याआधीच्या चोवीस बाइटांत 'राजापुरी' हा शब्द बरोबर मावलेला होता, कारण काना, उकार आणि वेलांटी धरून त्यात आठ चिन्हे आहेत. ती संपूर्ण जागा वाचली तेव्हा 'राजापुरी हळद ५ पोती' हे एका व्हाउचरचे विवरण समोर आले. प्रोग्राम 'हळ' या अक्षरांनाच पत्ता समजून त्या पत्त्यावर मजकूर शोधायला गेला होता, आणि असा पत्ता त्या प्रोसेसरवर वैधच नसल्यामुळे जागीच कोसळला होता.

त्या विवरणाची लांबीदेखील अपघाताने जुळलेली नव्हती. शेवटचा शून्य बाइट धरून ते ५२ बाइटांचे होते. जीलिबसी ४१ ते ५६ बाइटांच्या सर्व मागण्या एकाच मापाच्या तुकड्यातून भागवते, आणि ४८ बाइटांची नेमस्पेसची नोंदही त्याच मापात बसते. त्यामुळे मोकळी झालेली नेमस्पेसची जागा नंतर आलेल्या अशाच लांबीच्या मराठी विवरणाला मिळाली. विवरण बरेच लहान किंवा थोडे मोठे असते तर ते दुसऱ्या मापाच्या तुकड्यात गेले असते.

आता प्रश्न उरला तो नेमस्पेस मोकळे कोणी केले याचा. एक्सएमएलमध्ये नेमस्पेसची घोषणा ज्या टॅगवर असते, त्या टॅगच्या पोटातील सर्व टॅगना ती लागू होते. १९९९ च्या नेमस्पेस मानकात ही पद्धत ठरली. टॅलीच्या फायलींत यूडीएफची घोषणा व्हाउचरवर नसते, व्हाउचरला पोटात घेणाऱ्या 'टॅलीमेसेज' या टॅगवर असते. लिबएक्सएमएल२ त्याप्रमाणे नेमस्पेसची नोंद टॅलीमेसेजच्या नोडकडे ठेवते, आणि आतल्या यूडीएफ नोडकडे फक्त तिचा पॉइंटर असतो. आमची लायब्ररी दुकानाच्या झाडातून व्हाउचरचा नोड सोडवून घेत असे आणि एकत्रित झाडाला जोडत असे. व्हाउचर नव्या झाडात गेले, त्याच्या पोटातील लॉट क्रमांकही गेला, परंतु लॉट क्रमांकाच्या नोडमधील नेमस्पेसचा पॉइंटर जुन्या झाडातील टॅलीमेसेजकडेच राहिला. पुढे जुने झाड मोकळे झाले की त्या पॉइंटरची स्थिती, व्यापारी गाळा सोडून गेल्यावरही जुन्या पावतीवर तसाच राहिलेल्या गाळा क्रमांकासारखी होते : पाटी उतरेपर्यंत सगळे ठीक वाटते, आणि दुसरा व्यापारी आला की आपण भलत्याच्याच दारात उभे असतो.

यात सर्वांत फसवी गोष्ट ही की, एकत्रित झाडातील टॅलीमेसेजवरही यूडीएफची घोषणा होती. फाइल कागदावर उतरली की ती अगदी निर्दोष दिसत असे. कोड वाचणाऱ्यालाही दोन्हीकडे घोषणा दिसते आणि सगळे जागच्या जागी असल्याची खात्री पटते. नोड नक्की कोणत्या घोषणेकडे बोट दाखवतो हे डोळ्यांनी दिसणारे नसते.

नोडचे नाव शाबूत राहून फक्त उपसर्गच का बिघडावा, याचेही उत्तर मिळाले. टॅगची नावे लिबएक्सएमएल२ एका सामायिक शब्दकोशात ठेवते आणि त्या शब्दकोशाला किती जण वापरतात याची मोजणी ठेवते. आमच्याकडे एका थ्रेडवर सर्व फायली एकाच पार्सर-संदर्भातून वाचल्या जात, एकत्रित झाडाचा रिकामा साचासुद्धा त्यातूनच वाचलेला असे, म्हणून शब्दकोश सर्वांना समाईक होता आणि एक झाड गेल्याने तो जात नव्हता. नेमस्पेसची नोंद, तिचे पूर्ण नाव आणि उपसर्ग यांना मात्र स्वतंत्र मेमरी मिळते आणि ती झाडासोबतच जाते. वेगवेगळ्या संदर्भांतून वाचलेल्या झाडांमध्ये नोड हलवणाऱ्यांनी शब्दकोशाचीही तितकीच काळजी घ्यावी लागते, आणि आमची लायब्ररी तेवढ्यापुरती वाचली होती.

हे मधूनच का घडे, तेही आता सरळ सांगता येते. ज्या दुकानांनी जादा रकाने घेतलेली नाहीत त्यांच्या नोडना नेमस्पेसच नसते, त्यामुळे त्यांच्या फायली कधीच बिघडल्या नाहीत. ज्यांनी घेतली आहेत त्यांच्याही फायली बहुतेक दिवशी ठीक येत, कारण वाचलेली झाडे लगेच मोकळी होत नव्हती. पुन्हा लागतील म्हणून लायब्ररी ती काही काळ एका कॅशमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात) ठेवत असे आणि कॅश भरली की सर्वांत जुने झाड सोडून देत असे. एकत्रित फाइल लिहून होण्याआधी कॅश भरली तरच जुने झाड मोकळे होणार. आणि मोकळे झाले तरी ती जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नसेल तर फक्त उपसर्ग बिघडणार, घेतली असेल तर प्रोग्राम कोसळणार. आमच्या कार्यालयातील संगणकांवर मोजक्या नमुना फायली होत्या आणि कॅश कधी भरतच नव्हती. यार्डात हळदीचा हंगाम भरात असे तेव्हा ती हमखास भरत असे.

निष्कर्ष पक्का करण्यासाठी साधनाची साक्ष हवी होती. व्हॅलग्रिंड हे मेमरीतील चुका शोधणारे साधन पूर्वी चालवून पाहिले गेले होते आणि त्याने काही दाखवले नव्हते. ते स्वाभाविकच होते. नमुना फायलींवर चालवले तेव्हा कॅश न भरल्यामुळे मोकळी झालेली मेमरी वाचण्याचा प्रसंगच आला नाही. भरपूर फायली देऊन चालवले तेव्हा दुसरी अडचण होती. व्हॅलग्रिंडमधील मेमचेक मोकळी झालेली मेमरी लगेच परत वाटत नाही, ती एका रांगेत अडवून ठेवते. पण त्या रांगेची मूळ मर्यादा सुमारे दोन कोटी बाइट असते. आमच्याकडे जुने झाड मोकळे होणे आणि फाइल लिहिली जाणे यांच्या मध्ये त्याहून कितीतरी जास्त मेमरी मोकळी होत असे. ही मर्यादा वाढवता येते, परंतु मेमचेकखाली प्रोग्राम दहा ते तीस पट मंदावतो, आणि तेवढ्या फायलींवर ते काम रेंगाळत जाते.

म्हणून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर घेतला. गूगलमध्ये तयार झालेले आणि २०१२ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडलेले हे साधन कंपायलरमध्येच असते. ते प्रोग्रामच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट नोंदीसाठी राखते आणि प्रत्येक वाचना-लेखनाआधी ती नोंद तपासते. वेग साधारण निम्म्यावर येतो, पण काम करता येते. मोकळी झालेली मेमरी अडवून ठेवण्याची त्याची मूळ मर्यादा २५६ मेगाबाइट आहे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हे साधन ज्या कोडमध्ये कंपायलरने तपासणी घातलेली आहे, तेथीलच वाचने बारकाईने पाहू शकते. आमच्या प्रकरणात चुकीचे वाचन लिबएक्सएमएल२ च्या आत घडत होते, त्यामुळे केवळ आमचा कोड नव्याने बांधून पुरेसे नव्हते. लिबएक्सएमएल२ मूळ स्रोतापासून त्याच पर्यायांनी बांधली, कॅशची क्षमता एकवर आणली, आणि दोन दुकानांच्या दोन छोट्या फायली दिल्या.

पहिल्याच वेळी अहवाल आला, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी तोच आला. मोकळी झालेली मेमरी वापरली. आठ बाइटांचे वाचन. ४८ बाइटांच्या तुकड्यात चोविसाव्या बाइटावर. त्याखाली तीन बॅकट्रेस होते. वाचन झाड फाइलीत उतरवताना झाले. मेमरी मोकळी झाली ती कॅशने जुना दस्तऐवज सोडला तेव्हा, दस्तऐवजातून नोडांच्या यादीत आणि तेथून नेमस्पेसच्या यादीत उतरत. मेमरी घेतली गेली होती ती टॅलीमेसेजचा टॅग वाचताना. कोअर डंपवरून जे अनुमानाने जुळवले होते, ते येथे ओळीच्या क्रमांकासह लिहिलेले होते.

दुरुस्तीसाठी दोन मार्ग होते. व्हाउचर हलवण्याऐवजी त्याची नव्या दस्तऐवजात प्रत करायची, म्हणजे नेमस्पेसही नव्या झाडात नीट जुळते. पण हंगामात व्हाउचरची संख्या मोठी असते आणि प्रत्येकाची प्रत म्हणजे तेवढी मेमरी दुप्पट. दुसरा मार्ग लिबएक्सएमएल२ नेच दिलेला आहे. एखादी फांदी कापून दुसरीकडे जोडल्यावर तिच्यातील नेमस्पेसचे पॉइंटर नव्या जागेशी जुळवून देणारे 'रिकन्सिलिएट' नावाचे फंक्शन तिच्यात आहे, आणि ते याच कामासाठी लागते असे त्याच्या वर्णनात लिहिलेले आहे. आम्ही तो मार्ग घेतला. त्यात क्रम सांभाळावा लागतो. व्हाउचर आधी नव्या झाडाला जोडायचे, म्हणजे त्याला वरच्या टॅलीमेसेजवरील घोषणा सापडते आणि प्रत्येक व्हाउचरवर वेगळी घोषणा उमटत नाही. आणि हे सगळे जुने झाड जिवंत असतानाच करायचे, कारण जुळवणी करताना ते फंक्शन जुन्या नेमस्पेसचे पूर्ण नाव वाचते. जुने झाड कॅशमध्ये जाण्याआधी ही जुळवणी पूर्ण होईल अशी रचना केली, आणि पूर्वी घातलेला म्यूटेक्स काढून टाकला.

याच तपासणीत आणखी एक दोष उघड झाला. एकत्रित फाइल वाचायला सोपी जावी म्हणून लायब्ररी प्रत्येक दुकानाच्या व्हाउचरआधी नव्या ओळीचा एक मजकूर-नोड जोडत असे आणि त्याचा पॉइंटर खूण म्हणून जपून त्यापुढे व्हाउचर लावत असे. उपनोड जोडणारे लिबएक्सएमएल२ चे फंक्शन शेजारी आधीच मजकूर-नोड असेल तर दोन्ही एकत्र करते आणि नवा दिलेला नोड मोकळा करून टाकते. एकत्र झालेला नोड ते परत देते. आमची लायब्ररी परत आलेल्या मूल्याकडे पाहत नव्हती. त्यामुळे एखाद्या दुकानात त्या दिवशी एकही सौदा झाला नसेल, तर पुढच्या दुकानाची नवी ओळ आधीच्या नव्या ओळीत विरून जाई आणि खूण मोकळ्या मेमरीत राही. दोष रिकाम्या दुकानामुळे घडे आणि दिसे तो पुढच्या दुकानाच्या माथी. परत आलेला नोडच खूण म्हणून धरल्यावर तो मिटला. पण मला हा दोष पहिल्यापेक्षा अधिक काळजीचा वाटला, कारण पहिल्यात मोकळी मेमरी फक्त वाचली जात होती, येथे त्या मोकळ्या मेमरीत पुढच्या नोडचा पत्ता लिहिला जात होता, आणि ती जागा तोवर ज्याची झाली असेल त्याचे काय बिघडेल याला काही मर्यादा नव्हती.

म्हणून दुरुस्तीनंतर जुन्या फायलींकडे वळलो. दुकानांनी पाठवलेल्या मूळ फायली सर्व्हरवर होत्याच. कोलनने सुरू होणारे किंवा यूटीएफ-८ मध्ये न बसणारे टॅग असलेल्या एकत्रित फायली शोधून त्या मुळापासून पुन्हा तयार केल्या, आणि ज्या दिवशी एखादे दुकान रिकामे होते त्या दिवसांच्या सर्व फायलींतील पोती, वजन आणि रकमा मूळ फायलींशी ताडून पाहिल्या. उपसर्ग बिघडलेल्या ठिकाणी आतील मूल्ये बरोबर होती, कारण ती नोडच्या स्वतःच्या मालकीची होती. रकमांमध्येही फरक निघाला नाही. ज्या दुकानांच्या फायली बदलल्या त्यांच्या दिवाणजींना त्या त्या तारखा कळवल्या. कॅशची क्षमता एकवर ठेवून, जादा रकाने असलेले एक दुकान, त्यामागे सौदा नसलेले दुकान आणि त्यामागे मराठी विवरणे असलेले तिसरे दुकान अशा तीन फायली सॅनिटायझरखाली जोडून पाहण्याची चाचणी आता लायब्ररीच्या प्रत्येक बदलासोबत चालते. सेवा आपोआप सुरू होण्याची सोय तशीच आहे, मात्र आता कोसळल्यास कोअर फाइल जपली जाते आणि त्या तुकडीची एकत्रित फाइल कोणीतरी स्वतः तपासल्याखेरीज पुढे जात नाही.